नव्या वेष्टनात जुने सेल: लॅपटॉपच्या बॅटरीतली फसवणूक

बॅटरी लॅपटॉपला नीट बसते, चार्ज होते, स्क्रीनवर १०० टक्के दिसतात. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून भरली त्याचा आकडा, शून्य. घेणारा निर्धास्त होतो. काही आठवड्यांनी लॅपटॉप ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो आणि विक्रेता सांगतो, ‘रात्रभर चार्जिंगला ठेवत असाल, म्हणून गेली.’ इथे बरेच जण स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतात. दोष त्यांचा नसतो.

अशा बॅटरीचा पॅक, म्हणजे बाहेरचं खोकं, उघडला की आत वापरून झालेले सेल (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्या) निघतात, नवं रंगीत प्लास्टिकचं वेष्टन चढवलेले. पॅकमधल्या सर्किटवर एक गेज चिप असते. टक्केवारी, मूळ क्षमता, सायकल काउंट हे सगळं लॅपटॉपला ती चिप सांगते आणि तिच्यातल्या नोंदी पुन्हा लिहिता येतात. त्यामुळे विंडोजचा बॅटरी रिपोर्ट स्वच्छ दिसला तरी तो सेलबद्दलचा पुरावा ठरत नाही. मधेच बंद पडण्याचं कारणही सेलमध्येच असतं. सहा सेलच्या पॅकमध्ये सहसा दोन-दोन सेल समांतर जोडून अशा तीन जोड्या एकापुढे एक लावलेल्या असतात. एक जोडी जरी कमजोर असली, तरी भार पडताच तिचा व्होल्टेज कोसळतो आणि संरक्षक सर्किट सगळा पॅक तोडतं. चिपच्या हिशेबात मात्र ४० टक्के शिल्लकच असतात.

लेबलवरचा खोटेपणा पकडायला साधा गुणाकार पुरतो. १८६५० या मापाचा, म्हणजे १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा चांगला सेल सुमारे ३५०० एमएएचपर्यंत (मिलिअँपिअर-अवर, क्षमतेचं माप) जातो. समांतर दोन म्हणजे ७००० एमएएच. मग सहा सेलच्या पॅकवर ७८०० छापलेलं असेल तर तो आकडा जवळजवळ नक्कीच खोटा आहे. ‘ग्राफीन’, ‘सॉलिड-स्टेट’, ‘भविष्यातली बॅटरी’ अशा नावांनाही हाच हिशेब लावा: त्याच आकाराच्या खोक्यात दुप्पट वॉट-अवर (साठलेली एकूण ऊर्जा, म्हणजे व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार) कुणी देत असेल, तर घेऊ नका. लॅपटॉपच्या झाकणावरच्या सोलर पॅनेलने बॅटरी भरते, या दाव्याचंही तेच. ए-४ कागदाएवढं पॅनेल भर उन्हात, नीट सूर्याकडे धरून, फार तर १२-१३ वॉट देईल. लॅपटॉप चालवत बॅटरीही भरायला ते पुरत नाही.

पॅक हातात आला की आधी वजन करा. एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे सहांचे २७० ग्रॅम, वर खोकं आणि सर्किट. एकूण २०० ग्रॅमच भरलं तर आत सेल कमी आहेत किंवा हलके, नकली आहेत.

खरी परीक्षा वॉटमीटरची, आणि हा मीटर भिंतीच्या सॉकेटमध्ये लागतो, त्यामुळे चिपला त्यात लबाडी करता येत नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्या. लॅपटॉप शटडाउन करा. स्लीपमध्ये ठेवू नका, नाहीतर आकडा फुगतो. अडॅप्टर मीटरमधून जोडा, मीटर शून्यावर आणा आणि चार्जिंग संपेपर्यंत हात लावू नका. लेबलवर ११.१ व्होल्ट, ४४०० एमएएच असेल, तर ते सुमारे ४९ वॉट-अवर होतात. अडॅप्टर आणि चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर ५५ ते ६० दिसायला हवेत. ३० दिसले, तर जवळपास अर्धी बॅटरी तुम्हाला मिळालेलीच नाही. टाइप-सी चार्जिंग असेल तर केबलमध्ये बसणारा छोटा मीटर चालतो. त्यात अडॅप्टरची गळती धरायची नाही, म्हणून आकडा थोडा कमी येतो.

हे सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत करा. काट्यावरचा पॅक, मीटरचा आकडा आणि लेबल यांचे फोटो ठेवा. पॅक मात्र स्वतः फोडू नका: फोडलेला पॅक विक्रेता परत घेत नाही, आणि चाकूचं टोक सेलला लागलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा तळाचं झाकण फुगलं, तर परीक्षाही करत बसू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या.