लॉ कॉलेजचं केंद्र की विधी सेवा प्राधिकरणाचा वकील?

आजोळच्या जमिनीतल्या आईच्या हिश्शासाठी मी ही दोन्ही दारं ठोठावली. हक्कसोडपत्रावर सही करायला आई तयार नव्हती, मामा वाटणीचा विषय काढू देत नव्हते आणि खासगी वकिलाची फी आम्हाला झेपणारी नव्हती.

आधी गेलो लॉ कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात. तिथली मुलं मनापासून ऐकतात, घाई करत नाहीत. एका मुलीनं सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार बाकावर पसरला, आईच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या सहीशिवाय तुमचा हक्क सुटत नाही." त्या रात्री आई बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. कागद समजून घ्यायचा असेल, नोटिशीला उत्तर द्यायचं असेल, तर यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

पण मग परीक्षा आल्या. पुढच्या खेपेला ती मुलगी नव्हती, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी तिसरंच कुणी. चार वेळा गेलो आणि चारही वेळा पहिल्यापासून सांगावं लागलं. आजोबांच्या तेराव्याला मामांनी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला होता. तिथवर आलं की आईचा आवाज दर वेळी अडकायचा. सख्ख्या भावाची तक्रार अनोळखी पोरांपुढे किती वेळा मांडायची? चौथ्या खेपेनंतर ती म्हणाली, "आता नको रे." शिवाय या मुलांकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसते. दावा लावायचा तर वकील शोधावा लागणारच होता.

मग गेलो तालुका विधी सेवा समितीत. विधी सेवा प्राधिकरणाचं तालुक्यातलं काम हीच समिती बघते आणि मोफत वकील देते. तिचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे आईचा अर्ज सरळ होता. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही ती अट नाही. कलमातल्या अशा कुठल्याच गटात न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, आणि उत्पन्नाबद्दल एरवी प्रतिज्ञापत्र पुरतं. दाखल्यासाठी हेलपाटे घालत महिना घालवू नका. वकिलाबरोबर कोर्ट फीचाही भार उतरतो.

समितीनं तिच्या पॅनेलवरून, म्हणजे यादीतून, दिलेले आमचे वकील फारसं बोलत नाहीत. फोन क्वचित उचलतात, तारखेला व्हरांड्यात दोन मिनिटं भेटतात. केंद्रातल्या मुलांची माया इथं नाही, हे मान्य. पण दर तारखेला माणूस तोच असतो. आईनं तिची गोष्ट त्यांना एकदाच सांगितली. पटलं नाही तर वकील बदलून मागता येतो, आणि त्यांनी पैसे मागितले तर समितीकडे तक्रार करता येते.

तडजोडीनं वाद मिटवणाऱ्या लोकअदालतीचंही कुणी सुचवेल. दोन्ही बाजू राजी असतील तर जरूर जा, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मामा राजी नव्हतेच.

तुमच्या इथल्या केंद्रात एखादे प्राध्यापक शेवटपर्यंत स्वतः लक्ष घालत असतील, तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. सही करायची की नाही एवढाच प्रश्न असेल, तर आधी केंद्रातच जा. पण प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणार असं दिसत असेल, तर मी तरी थेट समितीत अर्ज देईन. ऑफिस सापडलं नाही तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा.

आमच्या दाव्याच्या फाइलमध्ये तो सातबारा अजून आहे. वकिलांनी पहिल्या भेटीत तो उघडला, पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं? बरोबर केलंय."