जकार्ता, सुराबाया, बांडुंग, योग्या की सोलो: सार्वजनिक जागांच्या अभ्यासासाठी कोणते शहर निवडावे?

इंडोनेशियात सार्वजनिक जागांवर काम करायचे ठरले की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव जकार्ताचे येते. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: मला जी जागा पाहायची आहे तिथे शब्द कोणाचा चालतो? सुराबायात तो गल्लीतल्या रहिवाशांचा आणि उद्यान खात्याचा, जकार्तात प्रांत सरकारचा, बांडुंगमध्ये त्या त्या महापौराच्या आराखड्याचा, योग्याकार्तात राजवाड्याचा आणि सोलोत वाटाघाटींचा. पदपथावर भजी तळणाऱ्या गाडीवाल्याला या पाच शहरांत पाच प्रकारची वागणूक मिळते. अभ्यासाचा खरा विषय हाच फरक आहे, म्हणून शहरही त्यावरूनच निवडावे.

ही पाचही शहरे जावा बेटावरची आहेत. माकासार किंवा बांदा आचेसाठी वेगळी तयारी लागते, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

आधी दोन गोष्टी, ज्या पाचही शहरांत लागू आहेत

२००७ च्या २६ क्रमांकाच्या स्थलनियोजन कायद्यानुसार शहराच्या क्षेत्रफळाच्या किमान ३० टक्के जागा हिरवी आणि मोकळी असली पाहिजे, आणि त्यात शहराच्या क्षेत्रफळाच्या २० टक्के सार्वजनिक. या जागेला तिथे सगळे 'एर-ते-हा' म्हणतात. प्रत्येक प्रबंधात हा आकडा असतो आणि बहुतेक तुलना त्याच्यावरच घसरतात. कारण एर-ते-हामध्ये बागांबरोबर दफनभूमी, रस्त्याचे दुभाजक आणि नदीकाठचे पट्टेही मोजता येतात. एका शहराने काय धरले आणि दुसऱ्याने काय सोडले हे कळल्याशिवाय दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडू नयेत. त्यात २०२२ च्या १४ क्रमांकाच्या मंत्रालयीन नियमावलीने हिरव्या-निळ्या, म्हणजे झाडी आणि पाण्याच्या, जागांचा निर्देशांक आणला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडेही सरळ जुळत नाहीत. उपाय साधा आहे. शहराकडून टक्का मागू नका. उद्यानांची नावानिशी यादी आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ मागा, आणि टक्का स्वतः काढा.

दुसरी गोष्ट फेरीवाल्यांची. तिथे त्यांना 'पेडागांग काकी लिमा', म्हणजे शब्दशः पाच पायांचे विक्रेते, म्हणतात; लेखी 'पे-का-एल'. पुण्या-मुंबईतून जाणाऱ्याच्या डोक्यात आपला २०१४ चा पथविक्रेता कायदा आणि नगर पथविक्रेता समिती असते. तिथे त्या तोडीचा राष्ट्रीय कायदा नाही. २०१२ चा १२५ क्रमांकाचा राष्ट्राध्यक्षीय आदेश आहे आणि बाकी सारे स्थानिक नियमांवर चालते. म्हणून 'समितीने काय ठरवले?' हा प्रश्न तिथे निरुपयोगी ठरतो. 'कुठे हलवले, आणि किती जण परत आले?' असे विचारावे.

सुराबाया: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी आमची शिफारस

सुमारे २९ लाख वस्तीचे हे शहर दोन टोकांच्या सार्वजनिक जागा एकत्र दाखवते: महापालिकेची उद्याने आणि रहिवाशांच्या गल्ल्या. त्री रिस्महारिनी २०१० ते २०२० या काळात महापौर होत्या. त्याआधी त्या याच शहराच्या स्वच्छता व उद्यान खात्याच्या प्रमुख होत्या. हरितपट्ट्यातले काही पेट्रोल पंप काढून तिथे बागा झाल्या. राया दार्मो रस्त्यावरच्या तामान बुंगकुलला २०१३ मध्ये आशियाई नगरदृश्य पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, फुकट आइस्क्रीम वाटपाच्या एका कार्यक्रमाला उसळलेल्या गर्दीने त्याच बागेतली झाडे तुडवली गेली. गर्दी, देखभाल आणि खासगी कार्यक्रमांची परवानगी या तिन्ही प्रश्नांना ही एक जागा पुरते.

बुंगकुलचे खरे वैशिष्ट्य मात्र बागेच्या मागे आहे. तिथे सुनान बुंगकुल यांची कबर आहे. पुढे स्केटबोर्ड घेतलेली मुले, मागे झियारतीला, म्हणजे कबरीच्या दर्शनाला, आलेली माणसे आणि मध्ये खाण्याचे गाळे. नकाशा फक्त बागेच्या कुंपणापुरता काढला तर निम्मी वर्दळ हातची जाते. सीमा काढताना कबरीचे आवार आणि गाळे दोन्ही आत घ्या.

दुसरे टोक कांपुंगचे, म्हणजे शहरातल्या दाट, जुन्या वस्त्यांचे. कांपुंग सुधार कार्यक्रम १९६९ मध्ये जकार्ता आणि सुराबायात सुरू झाला. सुराबायातल्या कांपुंग केबालेनच्या कामाचा १९८६ च्या आगा खान वास्तुकला पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख झाला. या कामाशी तिथल्या आय-टी-एस विद्यापीठाचे योहान सिलास यांचे नाव जोडलेले आहे. वस्ती न हलवता फरसबंदी, गटार, पाणी आणि स्वच्छतागृहे पुरवायची, एवढेच त्याचे सूत्र. आज तिथल्या 'गांग'मध्ये, म्हणजे गल्लीत, मोटरसायकलवरून उतरून गाडी ढकलत न्या अशा पाट्या दिसतात. ही पाटी म्हणजे रहिवाशांनी स्वतः लिहिलेला सार्वजनिक जागेचा नियम. तिचा फोटो काढून थांबू नका. कोणत्या बैठकीत ठरले, कोण मोडतो आणि कोण टोकतो, हे विचारा.

त्रुटीही आहेत. इथले लोक जावानीजची रांगडी बोली बोलतात, त्यामुळे वर्गात शिकलेली बहासा इंडोनेशिया गल्लीत अपुरी पडते. महापालिकेने बांधलेली खाद्यकेंद्रे सारखी चालत नाहीत, काहींत गिऱ्हाईक फिरकत नाही. अधिकारी दाखवतील त्या एका केंद्रावर विसंबू नये, निदान तीन पाहावीत: एक गजबजलेले, एक मध्यम आणि एक ओस.

जकार्ता: साहित्य भरपूर, पण प्रश्न अगदी अरुंद हवा

इथे एक प्रशासकीय गाठ आहे जी नवख्याला उशिरा कळते. जकार्तातली पाच 'शहरे' स्वायत्त नाहीत. त्यांचे महापौर नेमलेले असतात आणि त्यांना स्वतःची निर्वाचित परिषद नसते. निर्णय, निधी आणि परवानगी प्रांताच्या पातळीवर आहेत. दक्षिण जकार्ताच्या कार्यालयात आठवडाभर खेटे घालून हाती काही लागत नाही त्याचे कारण हेच.

चार जागा चार वेगळे प्रश्न देतात. २०१५ पासून उभारलेली बालस्नेही संयुक्त सार्वजनिक केंद्रे, ज्यांना 'एर-पे-ते-एर-आ' म्हणतात, संख्येने सुमारे ३०० झाली. सुरुवातीच्या अनेक केंद्रांना कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा होता. खेळाची जागा, सभागृह, वाचनालय असे सगळे छोट्या भूखंडावर बसवलेले आहे आणि रोजच्या वापरात महिला मंडळांचा मोठा हात आहे. कालीजोडोत फेब्रुवारी २०१६ मध्ये वस्ती पाडली गेली आणि वर्षभरात तिथे उद्यान उभे राहिले. उद्यान कोणासाठी आणि कोणाच्या बदल्यात, हा प्रश्न तिथे टाळताच येत नाही. तेबेत इको पार्क एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले, पण गर्दी, रस्त्यावरचे पार्किंग आणि विक्रेत्यांची दाटी यांमुळे जूनमध्ये बंद करावे लागले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उघडले. रचनाकारांनी आतला नकाशा उत्तम केला, पण बाग बिघडली ती बाहेरच्या रस्त्यावर. उद्यानाचा अभ्यास त्याच्या फाटकाबाहेरच्या २०० मीटरांपासून सुरू करावा हे इथून शिकण्यासारखे आहे.

चौथी जागा दुकुह आतास, रेल्वे स्थानकांभोवतीचा परिसर. २०२२ च्या जुलैत चितायाम, बोजोंगगेडे अशा उपनगरांतली पोरे लोकलने येऊन इथल्या झेब्रा क्रॉसिंगवर फॅशन शो करू लागली. कोणत्याही आराखड्यात नसलेली ती सार्वजनिक जागा होती आणि काही आठवड्यांत ती ओसरलीही. असे काही पकडायचे असेल तर शहरात किमान वर्षभर राहावे लागते. तीन महिन्यांच्या दौऱ्यात अशा गोष्टीची फक्त बातमी हाती लागते.

बांडुंग: रचनेचे मूल्यमापन करायचे असेल तर

रिदवान कामिल हे वास्तुरचनाकार २०१३ ते २०१८ या काळात इथले महापौर होते. त्या काळात विषयवार बागा निघाल्या: सिनेमाची, संगीताची, ज्येष्ठांची, आणि पासुपाती उड्डाणपुलाखाली एकट्या बसणाऱ्यांसाठी सुट्या ठोकळ्यांची. पुलाखालच्या जागा भर पावसातही वापरता येतात, आणि सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या शहरात पावसाळ्यात दुपार भिजतेच. म्हणून बांडुंगमध्ये उघड्या आणि झाकलेल्या जागांच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

मशिदीसमोरच्या आलुन-आलुनवर, म्हणजे मुख्य चौकावर, २०१४ च्या अखेरीस कृत्रिम हिरवळ आली. लोक पादत्राणे काढून तिच्यावर बसतात, मुले लोळतात. वापर भरघोस आहे. पण प्लास्टिकची हिरवळ दुपारी तापते आणि ती पर्यावरणाच्या अर्थाने हिरवी नाही. बसण्याची मोजणी आणि पृष्ठभागाचे तापमान एकाच दिवशी, दर तासाला घेतले तर छोटा पण भक्कम अभ्यास होतो.

२०१७ मध्ये उघडलेले तेरास चिहांपेलास इथले सर्वांत बोधप्रद उदाहरण. विक्रेत्यांना रस्त्यावरून उचलून झाडांच्या उंचीवरच्या पुलावर नेले. गिऱ्हाईक खालच्या दुकानांशीच राहिले आणि विक्रेते हळूहळू खाली उतरले. चालत्या माणसाच्या वाटेवर असणे हेच फेरीवाल्याचे भांडवल असते, ते वर नेता आले नाही. याच शहराच्या २०११ च्या ४ क्रमांकाच्या नियमाने लाल, पिवळे आणि हिरवे विक्रीपट्टे ठरवले आणि लाल पट्ट्यात विकत घेणाऱ्यालाही दंड ठेवला. मुलाखतीत गिऱ्हाइकाला 'तुम्ही इथे विकत घेता का?' असे सरळ विचारलेत तर तो नाही म्हणेल. विचारण्यापेक्षा पाहून नोंद करा.

योग्याकार्ता आणि सोलो

योग्यात सुलतान हेच प्रांताचे गव्हर्नर असतात, २०१२ च्या १३ क्रमांकाच्या विशेष दर्जाच्या कायद्याने. उत्तरेकडचा आलुन-आलुन राजवाड्याचा आहे आणि २०२० मध्ये त्याला कुंपण घातले गेले. दक्षिणेकडचा संध्याकाळी माणसांनी फुलतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शहराचा विश्वरचनेचा अक्ष, म्हणजे राजवाड्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, जागतिक वारसा यादीत गेला. मालिओबोरो रस्त्यावरच्या १,८०० हून अधिक विक्रेत्यांना फेब्रुवारी २०२२ मध्येच दोन 'तेरास' बाजारांत हलवले होते, आणि त्यातल्या दुसऱ्या बाजाराला २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा जागा बदलावी लागली. जमिनीची मालकी आणि वारसा हा विषय असेल तर यापेक्षा चांगले शहर नाही. प्रश्नावलीवर मात्र भिस्त ठेवू नका. इथला माणूस संकोचाने 'हो' म्हणतो, आणि ते 'हो' संमतीचे असतेच असे नाही. एकाच व्यक्तीला दोनदा, वेगवेगळ्या ठिकाणी भेटा.

सोलो लहान आहे, सुमारे सव्वापाच लाख वस्तीचे, आणि तिथे एकच प्रकरण अतिशय स्वच्छ दिसते. जोको विडोडो महापौर असताना, २००६ मध्ये, बांजारसारीतल्या ९८९ विक्रेत्यांना सेमांग्गीच्या नव्या बाजारात मिरवणुकीने नेले गेले. त्याआधी त्यांच्याबरोबर ५४ बैठका झाल्याचे सांगितले जाते. सगळे बैठकांविषयी लिहितात. आज लिहिण्यासारखे आहे ते पुढच्या पिढीचे: गाळा कोणाकडे आहे, भाड्याने दिला का, माल बदलला का.

जाता जाता एक शब्दांची गंमत, जी मराठी माणसाला शेतापासून राजधानीपर्यंत सोबत करते. तिथे 'देसा' म्हणजे गाव, 'कोता' म्हणजे शहर आणि 'नेगारा' म्हणजे राष्ट्र. आपलेच देश, कोट आणि नगर तिथे जागा बदलून बसले आहेत.

परवानगी आणि मोजणी

परदेशी संशोधकाला राष्ट्रीय संशोधन संस्था 'ब्रिन'कडून नैतिक मान्यता आणि संशोधन परवाना लागतो. २०१९ च्या ११ क्रमांकाच्या कायद्यानुसार स्थानिक भागीदार हवा आणि विनापरवाना कामाला शिक्षा आहे. पर्यटक व्हिसावर मुलाखती घेऊ नयेत. स्थानिक विद्यापीठाचे पत्र मिळाल्याशिवाय तारखा ठरवू नका, आणि या टप्प्याला काही महिने धरा. त्यानंतर शहराच्या 'केसबांगपोल' कार्यालयाचे पत्र, मग केलुराहान, म्हणजे प्रभाग कार्यालय, मग एर-वे, म्हणजे अनेक गल्ल्यांच्या गटाचा प्रमुख, आणि शेवटी एर-ते, म्हणजे गल्लीचा प्रमुख. जपानी अंमलातल्या शेजारगटांतून आलेली ही साखळी आजही चालते. प्रत्येक पत्राच्या दहा प्रती खिशात ठेवा. एर-तेला वगळून गल्लीत शिरलात तर दुसऱ्या दिवशी दारे बंद मिळतील.

मोजणी सकाळी ६ ते रात्री १०, दर तासाला १० मिनिटे फाटकावर आणि त्यानंतर आतल्या बसलेल्या माणसांचा एक नकाशा. मंगळवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार, प्रत्येकी दोनदा. एकूण १२८ मोजण्या, दोन माणसांचे काम. शुक्रवार दुपारच्या नमाजासाठी वेगळा. रविवारी सकाळी वाहनमुक्त रस्ता असतो, तो आकडा सरासरीत मिसळू नका. सगळी शहरे एकाच घड्याळावर चालतात, पण सुराबायात सूर्य जकार्तापेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. दोन शहरांची संध्याकाळ ताडायची तर 'सहा वाजता' नव्हे, 'मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) अर्धा तास' असे धरा. रमजान आणि १७ ऑगस्टचा, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाचा, आठवडा तोच विषय असल्याखेरीज टाळावा. नगर पोलीस, 'सातपोल पेपे', येऊन गेले की विक्रेत्यांची मोजणी तासाभराने पुन्हा घ्या, कारण परत येण्याचा वेग हीच मौल्यवान नोंद आहे.

सहा आठवडे असतील तर सोलो, तीन-चार महिने असतील तर सुराबाया, आणि वर्षभर व भरवशाचा स्थानिक भागीदार असेल तरच जकार्ता. दोन शहरांची तुलना करायचीच असेल तर योग्या आणि सोलो घ्यावीत: दोघांमध्ये सुमारे ६० किलोमीटर अंतर आहे आणि २०२१ पासून विजेची लोकल धावते, त्यामुळे एकाच खोलीत राहून दोन्हीकडची सकाळ मोजता येते.