बुगांडा आणि इग्बो: ख्रिस्ती होण्याच्या दोन वाटा

आफ्रिकेतल्या धर्मांतराबद्दल बोलताना ‘मिशनरी आले आणि लोक बाटले’ असं सरसकट म्हटलं जातं. मला ते त्या माणसांवर अन्याय करणारं वाटतं.

आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्यात नवा धर्म दरबारातून शिरला. १८७७ मध्ये प्रोटेस्टंट आले, १८७९ मध्ये कॅथलिक. राजवाड्यातली तरुण सेवक मुलं अक्षरं गिरवू लागली. नवख्रिस्त्यांना तिथे ‘वाचणारे’ म्हणत. राजा म्वांगाला त्यांची निष्ठा दुसरीकडे वळलेली दिसली. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो इथे अनेकांना जिवंत जाळलं, तरी हे ‘वाचणारे’ मागे हटले नाहीत. पुढे तेच सरदार झाले, १८९२ मध्ये प्रोटेस्टंट-कॅथलिक एकमेकांशी लढले आणि १९०० च्या करारात ब्रिटिशांकडून जमिनीही मिळाल्या. श्रद्धा आणि सत्ता इथे वेगळी काढताच येत नाही.

नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या मुलखात बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता, गावोगावचे वडीलधारे निर्णय घेत. १८५७ मध्ये तिथल्या ओनित्शा गावात मिशन सुरू झालं, तेही सॅम्युएल क्राउदर या गुलामगिरीतून सुटलेल्या योरुबा जमातीच्या माणसाच्या नेतृत्वाखाली. सुरुवातीला आले ते बहुधा उपेक्षित: ‘ओसू’ म्हणून वाळीत टाकलेले, जुळी झाली म्हणून हाकललेल्या आया. मोठी लाट विसाव्या शतकात, शाळांमुळे आली.

बुगांडातलं धैर्य थक्क करतं. पण मला जास्त जवळची वाटते ती ओनित्शाची वाट, कारण जुळ्यांच्या आईला तिथे आधी आसरा मिळाला.