झेफर आरटीओएससाठी सेटअप: उबुंटू + नॉर्डिकचा बोर्ड

आरटीओएस (ठरलेल्या वेळेत काम करणारी, छोट्या चिपवरची ऑपरेटिंग सिस्टीम) शिकायचंय आणि सेटअप कुठला घ्यावा असा प्रश्न असेल तर माझं सरळ मत, उबुंटू लिनक्सवर झेफर (एक ओपन सोर्स आरटीओएस), एडिटर व्हीएस कोड, आणि बोर्ड नॉर्डिकचा एनआरएफ५२८४० डीके (डेव्हलपमेंट किट). या बोर्डवरच जे-लिंक डीबगर (चिपमध्ये कोड टाकायचं आणि चुका शोधायचं साधन) आहे, वेगळा घ्यायला लागत नाही, यूएसबी लावा, 'वेस्ट फ्लॅश' ही कमांड मारा (वेस्ट हे झेफरचं टूल, कोड बोर्डवर टाकतं), झालं. १ एमबी फ्लॅश मेमरी, २५६ केबी रॅम, शिकायला भरपूर. बोर्ड हातात नसला तरी क्यूईएमयूवर (हार्डवेअरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) कर्नल चालवून थ्रेड कसे बदलतात ते जीडीबी या डीबगरमध्ये एकेक स्टेप बघता येतं, हे मला जाम आवडतं! डिव्हाइस ट्री (बोर्डवर कुठलं हार्डवेअर आहे त्याचं वर्णन) मात्र सुरुवातीला डोकं खातं, आणि 'वेस्ट अपडेट'ला (झेफरचा कोड उतरवणारी कमांड) नेट चांगलं हवं. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) यूएसबी आपोआप दिसत नाही, यूएसबीआयपीडी या टूलने जोडावं लागतं, म्हणून सरळ लिनक्सच टाका.