ॲकॅडेमिक फ्रेजबँक: नऊ महिने वापरल्यावर

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला ७ बँड मिळाले होते, त्यामुळे इंग्रजीची काळजी मिटली असं धरूनच मी सप्टेंबरात इंग्लंडला आले. पाणी व्यवस्थापनात एमएस्सी, एका वर्षाचा कोर्स. ऑक्टोबरात दीड हजार शब्दांचा पहिला निबंध दिला आणि ५२ गुण आले. इथे मास्टर्सला ५० ला पास.

मी लातूरची. विषयही घरचाच घेतला होता, २०१६ चा दुष्काळ. तेव्हा मी नववीत होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. निबंधात मी बिनधास्त लिहिलं की उसाने लातूरचं भूजल संपवलं. बाजूला शिक्षिकेचा शेरा होता: "हे कोण म्हणतं? आणि फक्त ऊसच?" वाचून रागच आला. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल.

पण चूक माझी होती, आणि ती व्याकरणाची नव्हती. आयईएल्टीएसला चाळीस मिनिटांत २५० शब्द लिहायचे असतात, उदाहरणं स्वतःच्या अनुभवातली चालतात, संदर्भ कुणी मागत नाही. इथे प्रत्येक विधानामागे कोण उभं आहे आणि किती ठामपणे, हे दाखवावं लागतं. ते शिकवणारी साधनं शोधताना मला ॲकॅडेमिक फ्रेजबँक सापडली. मँचेस्टर विद्यापीठाचे जॉन मॉर्ली यांनी ती तयार केली. वेबसाइटवर फुकट वाचता येते. प्रस्तावना, संदर्भ देणं, पद्धत सांगणं, निष्कर्ष मांडणं, सावधपणे बोलणं, तुलना करणं अशा कामांनुसार वाक्यांचे सांगाडे दिले आहेत. त्यात विषय आपला भरायचा. हे सांगाडे सगळ्यांच्याच वापरातले आहेत, त्यामुळे ते घेतले तर वाङ्मयचौर्य होत नाही.

पहिले दोन महिने मी ती उलटी वापरली. आधी छान दिसणारी वाक्यं गोळा करायची, मग त्यांत माझं काहीतरी बसवायचं. एका परिच्छेदात चार वाक्यं 'इट हॅज बीन आर्ग्यूड दॅट'ने सुरू झाली होती आणि कुणी आर्ग्यू केलं ते एकातही नव्हतं. विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये अर्ध्या तासाची वेळ घेऊन तो परिच्छेद दाखवला. तिथल्या बाईंनी लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हणाल्या, "तुला काय म्हणायचंय ते दोन वाक्यांत बोल. तुझ्या भाषेत बोललीस तरी चालेल."

मी मराठीत बोलले. ऊस हे एक कारण असावं, पण एकटं नाही. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी पडला, आणि जमिनीखाली बेसॉल्टचा कठीण काळा खडक आहे, त्यात पाणी मुळातच थोडं मुरतं.

बोलता बोलताच लक्षात आलं. 'असावं'! सगळी सावधगिरी त्या एका क्रियापदात होती. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला असावा' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवत नाही, तो जिभेवरच असतो. ऐकीव गोष्टीला आपण आपसूक 'म्हणे' जोडतो. इंग्रजीत लिहिताना मात्र मी हे सगळं सोडून नुसतं 'आहे, आहे' लिहीत होते. त्या संध्याकाळी सावध बोलण्याचं पान पुन्हा उघडलं, तर प्रत्येक ओळीच्या जागी मला आपलं 'असावं', 'बहुधा', 'दिसतं' ऐकू यायला लागलं. ऊस मग 'अपिअर्स टू बी वन ऑफ सेव्हरल फॅक्टर्स' झाला. शिक्षिकेच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं संदर्भांसकट त्याच परिच्छेदात देता आली. जानेवारीतल्या निबंधाला ६४ मिळाले.

संदर्भ देण्याचं पानही तितकंच मोलाचं. 'फाउंड' म्हणजे शोधून दाखवलं, 'आर्ग्यूज' म्हणजे मत मांडलं, 'क्लेम्स' म्हटलं की लिहिणाऱ्याला ते फारसं पटलेलं नाही असा वास येतो. मी तिन्ही एकाच अर्थाने वापरत होते.

सोबत ॲव्हरिल कॉक्सहेड यांची ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, तीही केली. २००० साली प्रसिद्ध झालेली, ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कूळ). यादी उत्तम आहे, पण ती पाठ करण्यात मी घालवलेला महिना परत घालवणार नाही. पाठ केलेले शब्द लिहिताना आठवले नाहीत. वाचनात भेटलेले, वहीत अख्ख्या वाक्यासकट उतरवलेले शब्द मात्र राहिले.

फ्रेजबँक सगळ्याच विषयांसाठी आहे, म्हणून तुमच्या विषयातल्या लेखनाची धाटणी तिच्यातून कळणार नाही. त्यासाठी मी आमच्याच विभागातले दोन जुने प्रबंध लायब्ररीतून काढून वाचले, खूप उपयोग झाला. सेमिनारमध्ये बोलण्यासाठी वेगळा सराव लागतो.

आता प्रबंध चालू आहे. कच्चा मसुदा साइट न उघडता लिहिते, अडेल तिथे मराठीत. मग एकेका विधानापाशी थांबून बघते, माझ्याकडे पुरावा 'आहे'चा आहे की 'असावं'चा, आणि तेव्हाच फ्रेजबँक उघडते. यंदा येणार असाल तर निघण्याआधी तिची दोनच पानं नीट वाचा, संदर्भांचं आणि सावध बोलण्याचं. बाकीची इथे आल्यावर लागतील तशी वाचता येतात.