ऱ्होड्सच्या कोटाच्या आत मुक्काम: अख्ख्या हंगामाच्या वापरानंतर

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर चार-पाच दिवसांसाठी जायचं तर मुक्काम तटबंदीच्या आतच, जुन्या शहरात करावा. मे ते सप्टेंबर असा पूर्ण हंगाम इथे राहिल्यावरही हे मत कायम आहे. फक्त आत म्हणजे नेमकं कुठे, यावर सुट्टी बरी की वाईट ते ठरतं. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला: अर्धा सामानाच्या हालांसाठी, अर्धा ऑगस्टसाठी.

आधी सामान. इथल्या गल्ल्यांत समुद्राचे गुळगुळीत गोटे उभे रोवलेले आहेत, काही अंगणांत तर काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षीच आहे. दिसायला देखणे, पण चार छोट्या चाकांची बॅग त्यांवर चालत नाही: चाक फटीत अडकतं आणि दांडा मोडतो. पाठीवरची सॅक किंवा मोठ्या दोन चाकांची बॅगच आणा. टॅक्सी साधारणपणे कोटाच्या दरवाजापाशी सोडते, म्हणून बुकिंग करतानाच घरमालकाला विचारा की जवळचा दरवाजा कोणता. राजवाड्याच्या बाजूला खोली असेल तर द'अँबुआझ, पिथागोरा किंवा ओमिरू रस्त्याच्या अंगाला असेल तर दक्षिणेचा सेंट जॉन, म्हणजे स्थानिकांचा कोक्किनी पोर्ता. विमानतळाची बस मांद्राकी बंदराजवळ सोडते. तिथून एलेफ्थेरियास दरवाजा पाच मिनिटांवर आहे, पण दक्षिण टोकाची खोली आणखी पंधरा मिनिटं आत.

झोप हवी असेल तर इपोक्रातूस आणि आरिओनोस चौकांपासून लांब राहा. तिथले बार पहाटेपर्यंत चालतात आणि दगडी गल्लीत आवाज घुमतो. ओमिरू परिसर शांत आहे. तिथे दोन घरांच्या मध्ये डोक्यावरून कमानी जातात. त्या शोभेच्या नाहीत, भूकंपात भिंती एकमेकींवर कलू नयेत म्हणून दिलेला तो आधार आहे. जुन्या घरांच्या भिंती जाड असल्यामुळे दुपारी आत गारवा असतो, पण बऱ्याच खोल्यांत पलंग माळ्यावर आणि वर जायला उभी लाकडी शिडी. आई-वडील बरोबर असतील तर फोटोत ती शिडी आहे का बघूनच पैसे भरा. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. मैलापाण्याचे पाइप अरुंद असतात आणि तुंबले की सगळ्या मजल्याचे तुंबतात.

खोलीच्या भाड्याशिवाय सरकारी हवामान शुल्क हॉटेलात वेगळं भरावं लागतं. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तीन तारांकितला 5, चार तारांकितला 10 आणि पाच तारांकितला 15 युरो. हे माणशी नाही, खोलीमागे दर रात्रीचं आहे.

दिवसाचं वेळापत्रक क्रूझ जहाजं ठरवतात. सकाळी दहा ते दुपारी चार सोक्रातूस रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कोटाच्या आत राहण्याचा खरा फायदा हाच, की सकाळी सातला शूरवीरांचा रस्ता, इप्पोतोन, मोकळा मिळतो. नाइट्स हॉस्पिटलर्स या लढवय्या ख्रिस्ती धर्मसंघाने 1309 ते 1522 इथे राज्य केलं. वेगवेगळ्या भाषांच्या सरदारांची निवासं या उतारावर ओळीने उभी आहेत, दारांवरच्या ढालींवरून कोणाची कोणती ते ओळखता येतं. वर टोकाला ग्रँड मास्टरचा, म्हणजे संघाच्या प्रमुखाचा, राजवाडा आहे. मूळ वास्तू 1856 मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात उडाली, आज दिसतो तो इटालियनांनी 1937 ते 1940 मध्ये उभारलेला अवतार. आत जायचं ते कोस बेटावरून आणून बसवलेल्या मोझेइक फरशांसाठी. एकाच तिकिटाचे पैसे असतील तर आम्ही ते नाइट्सच्या जुन्या रुग्णालयातल्या पुरातत्त्व संग्रहालयावर घालू.

फुकटात सगळ्यांत भारी गोष्ट म्हणजे खंदक. तो पाण्याचा नव्हताच, कोरडाच होता. आज त्यात झाडं आहेत, पायवाट आहे, आणि कडेला दगडी तोफगोळे पडलेले आहेत. रायगड-जंजिरा पाहिलेल्या माणसाने संध्याकाळी सहानंतर तासभर इथे द्यावा. तटाची जाडी वरून कळत नाही, खालून कळते.

लिंडोस हे गडाचं जुनं गाव सुमारे 50 किलोमीटरवर. पूर्व किनाऱ्याची सकाळची पहिली बस पकडा. गड समुद्रापासून 116 मीटर उंच, पायऱ्या तीनशेच्या आसपास, सावली जवळजवळ नाहीच, आणि संगमरवर झिजून बुळबुळीत झालाय. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. माणशी एक लिटर पाणी खालूनच घ्या. चढताना जिन्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेला जहाजाचा मागचा भाग आहे, तिकिटाच्या घाईत लोक तो न पाहताच पुढे जातात. गाढवावर बसू नका. 2018 च्या नियमाने 100 किलोपेक्षा जास्त ओझं लादायला बंदी आहे, पण त्या उन्हात वजन कमी असलं तरी जनावराचे हाल व्हायचे ते होतातच.

पोहायला पूर्व किनारा. जुलै-ऑगस्टमध्ये वायव्येकडून मेल्तेमी वारा सुटतो आणि पश्चिमेला लाटा उसळतात, पूर्वेला त्सांबिका किनाऱ्यावर पाणी बरंच शांत असतं. कोटापासून चालत जाण्याजोगा एल्ली किनारा गोट्यांचा आहे, पाण्यात घालायचे बूट हवेत.

शाकाहारींचे हाल होत नाहीत. पितारूदिया म्हणजे छोल्यात कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेले गोळे, ते मागा. येमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, मागताना मात्र आत खिमा आहे का विचारा. ‘निस्तीसिमो’ लिहिलेल्या उपवासाच्या पदार्थांत मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी, माकूळ, ऑक्टोपस चालतात. पूर्ण शाकाहारी माणसाने तिथे फसू नये. परतताना तीळ-मधाची मेलेकूनी घ्या.

ऑगस्ट टाळता आला तर टाळा. भर उन्हाळ्यात वणव्यांचा धोका असतो: जुलै 2023 च्या वणव्यात बेटाच्या आग्नेय भागातून हजारो पर्यटकांना हलवावं लागलं होतं. फोनवर 112 या आपत्कालीन क्रमांकाचा कर्कश इशारा आला की तो वाचूनच बंद करा, कुठे जायचं ते त्यातच लिहिलेलं असतं.

आणि बंदरावर मार्मारिसच्या दिवसभराच्या सहलीची पाटी दिसेल. ते तुर्कस्तान आहे. भारतीय पासपोर्टवर त्याचा व्हिसा वेगळा लागतो, आणि ग्रीससाठी घेतलेला शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर बोटीत चढताना तो संपतो, संध्याकाळी ऱ्होड्सला परत घेत नाहीत. व्हिसावर ‘मल्ट’ (MULT, म्हणजे अनेक प्रवेशांचा) छापलेलं नसेल तर त्याऐवजी सिमीची बोट घ्या. ते बेट ग्रीसमध्येच आहे.