रात्रीच्या गाडीसाठी पैसे भरून घेतलेलं अ‍ॅप: काही महिन्यांनंतर

गाडी किती लेट, कुठवर आली, प्लॅटफॉर्म बदलला का, हे सगळीच अ‍ॅप्स सांगतात. मी वर्षाची वर्गणी भरली ती एकाच गोष्टीसाठी: गाडी रखडली किंवा रद्द झाली तर झोपेतून उठवणारा इशारा. आणि नेमकं तेच मध्यरात्रीनंतर गडबडतं.

सगळ्यात डोक्यात जाते ती तारीख. गाडी सुटते सोमवारी रात्री, मी चढणार मधल्या स्टेशनावर, मंगळवारी पहाटे दीडला. मंगळवार टाकला की अ‍ॅप मंगळवारी रात्री सुटणारी गाडी धरतं आणि हिरव्या अक्षरांत 'वेळेवर' म्हणतं. जी अजून सुटलीच नाही ती लेट होईलच कशी! वेळापत्रकांसाठी जीटीएफएस नावाचा सर्रास वापरला जाणारा फॉरमॅट आहे. त्यात पहाटेचे दीड 25:30:00 असे लिहितात, कारण गाडीचा दिवस रात्री बाराला संपत नाही. म्हणजे तोडगा तयार आहे. ग्राहकसेवेचं उत्तर मात्र दर वेळी एकच, 'अ‍ॅप काढून पुन्हा टाका'.

उशिरा येणाऱ्या इशाऱ्यांबद्दल मात्र मत थोडं बदललं. अँड्रॉइड 6 पासून फोन चार्जरशिवाय, स्क्रीन बंद करून, न हलवता पडून राहिला की 'डोझ'मध्ये जातो आणि अ‍ॅप्सची नेटवरची कामं अडवून ठेवतो. फोन चार्जिंगला लावला, या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद केलं, 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये त्याला सूट दिली. तेव्हापासून इशारे बऱ्यापैकी वेळेवर येतात. तरी तातडीचा म्हणून पाठवलेला संदेश डोझमधूनही पोचतो, तेवढं करायला काय हरकत होती? वर्गणीची मुदत वाढवण्याची आठवण बरी मध्यरात्रीसुद्धा पोचते.

अर्धा तास उशिरा कळल्यानं काय बिघडतं, असं वाटेल. भारतात गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि जायचं नसेल, तर पूर्ण परताव्यासाठी टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागण्याचा अर्ज, गाडी आपल्या स्टेशनावरून प्रत्यक्ष सुटण्याआधी भरावा लागतो. युरोपीय संघात तासाभराचा उशीर होणार असं दिसलं तरी प्रवास सोडून पैसे परत मागता येतात. दोन्हीकडे निर्णय चढण्याआधीचा. गाडी निघून गेल्यावर आलेला इशारा चाटायचा का?

अजून एक न सुटलेली गोष्ट. गाडी पूर्ण रद्द झाली तर अ‍ॅप सांगतं. रात्रीच्या रुळांच्या कामामुळे मार्ग बदलला आणि माझं स्टेशनच गाळलं, तर स्थिती 'धावत आहे' अशीच राहते. धावते आहेच म्हणा, माझ्याकडून नाही एवढंच.

पैसे भरलेत म्हणून मुदत संपेपर्यंत अ‍ॅप ठेवणार, पुढची वर्गणी भरणार नाही. सध्या निघण्याआधी रेल्वेच्याच चौकशीत, पहिल्या स्टेशनावरून सुटण्याची तारीख टाकून, प्रत्येक थांबा बघून घेतो. तिथे पैसे पडत नाहीत.